पडद्यावरचे मन आणि घरातले मन

(हिर्डोशी, ता. भोर, जि. पुणे येथे 'देवराई' हा चित्रपट दाखविल्यानंतर झालेल्या व्याख्यानाचे हे संपादित शब्दांकन.)



'देवराई' हा चित्रपट आपण सर्वांनी नुकताच पाहिला. शहरात तो दाखवायचा तर देवराई म्हणजे काय, हे आधी समजावून सांगावे लागते. या हिरडस मावळात त्याची गरज नाही. वाघजाई, शिरकाई, जननी अशा देवींच्या नावाने राखलेल्या राया भोर-वेल्ह्याच्या माणसाने लहानपणापासून पाहिलेल्या असतात. तिथली वाळलेली काटकीसुद्धा कोणी घरी आणीत नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या अभ्यासकांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला आणि पिढ्यान्‌पिढ्या गावांनी काय जपून ठेवले आहे, ते जगापुढे मांडले.

या चित्रपटातील शेष देसाई या तरुणाचे मन अशा एका देवराईत गुंतलेले आहे. त्याला छिन्नमनस्कता हा आजार आहे. डॉक्टर त्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात. नसलेले आवाज ऐकू येणे, कोणीतरी आपल्या वाईटावर टपले आहे असे ठामपणे वाटणे, विचारांचा धागा तुटणे, माणसांतून मन उठणे ही त्याची लक्षणे. अतुल कुलकर्णी यांनी शेषची आणि सोनाली कुलकर्णी यांनी त्याच्या बहिणीची भूमिका केली आहे. चित्रपट २००४ सालचा, म्हणजे दोन दशकांहून अधिक जुना. तरीही आज तो मुद्दाम येथे दाखविला, याचे कारण आपल्याला सांगितले पाहिजे.

हसू, भय आणि चमत्कार

मनाच्या आजाराविषयी आपले ज्ञान येते कोठून? डॉक्टरांकडून ते फार थोड्यांना मिळते. बहुतेकांना ते मिळते पडद्यावरून. पूर्वी तंबूतल्या पडद्यावरून, मग दूरचित्रवाणीवरून आणि आता हातातल्या मोबाईलवरून. म्हणून पडदा काय शिकवितो, हे तपासणे हा केवळ समीक्षकांचा उद्योग राहत नाही. तो प्रत्येक घराचा प्रश्न ठरतो.

आपल्या चित्रपटांनी या बाबतीत तीन खोट्या गोष्टी पुन:पुन्हा सांगितल्या.

पहिली गोष्ट हसण्याची. तोतरे बोलणारा, विसरणारा, बावळट चालीचा माणूस पडद्यावर आला की प्रेक्षागृहात हशा पिकतो. चार दिवसांनी तीच नक्कल शाळेच्या मैदानावर एखाद्या गतिमंद मुलासमोर होते. चित्रपटाला प्रमाणपत्र देण्यासंबंधीच्या १९९१च्या मार्गदर्शक तत्त्वांत शारीरिक वा मानसिक अपंगांची टवाळी करणारी दृश्ये टाळावीत, असे स्पष्ट म्हटलेले होते. तरी ती येतच राहिली. अखेर जुलै २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दृश्य माध्यमांतील दिव्यांगांच्या चित्रणाविषयी तत्त्वे घालून द्यावी लागली. दिव्यांग माणसाला हसणारा विनोद वेगळा आणि त्याच्या आयुष्याची समज वाढविणारा विनोद वेगळा, हा भेद न्यायालयाने त्या निकालात मांडला. २०१९ साली 'मेंटल है क्या' या नावाच्या हिंदी चित्रपटाला मनोविकारतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने आक्षेप घेतला आणि निर्मात्यांना ते नाव बदलावे लागले. नाव बदलले, पण 'मेंटल' हा शब्द शिवीसारखा वापरण्याची आपली सवय बदलली का, हे ज्याने त्याने मनाशी विचारावे.

दुसरी गोष्ट भयाची. खून कोणी केला? शेवटच्या रिळात कळते की एका मनोरुग्णाने. हिचकॉकच्या १९६० सालच्या 'सायको'पासून हा साचा जगभर चालला आणि आपल्याकडेही आला. वास्तव काय आहे? बहुसंख्य मनोरुग्ण कोणाच्या अंगावर धावून जात नाहीत. मार खाण्याची, फसविले जाण्याची, उपाशी राहण्याची वेळ त्यांच्यावरच अधिक येते. पण पडद्याने भीती पेरलेली असते. त्यामुळे शेजारी दार लावून घेतात आणि घरचे लोक रुग्णाला आतल्या खोलीत ठेवतात. याच भयाचा दुसरा अवतार म्हणजे रुग्णालयाचे दृश्य : हातपाय बांधलेला नायक, विजेचे झटके, किंकाळी. आज भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय असा विद्युत-उपचार करण्यास २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी आहे. तरीसुद्धा 'दवाखान्यात नेले तर शॉक देतील' हे वाक्य खेड्यापाड्यांत ऐकू येते. ते वाक्य डॉक्टरांनी शिकविलेले नाही, चित्रपटांनी शिकविले आहे.

तिसरी गोष्ट चमत्काराची, आणि माझ्या मते तीच सर्वांत घातक. डोक्यावर आघात होतो आणि स्मृती परत येते. प्रेयसी भेटते आणि वेड निघून जाते. २००७च्या 'भूल भुलैया'त मनाच्या आजाराचे नाव तर आधुनिक शास्त्रातले घेतले, पण उपचार म्हणून एका रात्रीचे नाट्य रचले. दुसऱ्या दिवशी सारे ठीक! अडीच तासांच्या खेळात दहा वर्षांचा आजार मावत नाही, ही चित्रपटाची अडचण मी समजू शकतो. पण त्या चमत्काराची किंमत घरे मोजतात. 'लग्न लावून द्या, सुधारेल' हा सल्ला आपल्यापैकी किती जणांनी ऐकला असेल! आजार लपवून लग्न होते. लग्नाच्या धावपळीत गोळ्या बंद होतात. आजार उसळतो आणि परक्या घरातून आलेल्या मुलीचे आयुष्य त्यात भरडले जाते. प्रेमाने माणूस सावरतो हे खरे, परंतु लग्न हे औषध नव्हे. ते औषध म्हणून कोणाच्या मुलीच्या गळ्यात बांधणे हा अन्याय आहे, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना मी नम्रपणे, पण स्पष्टपणे सांगू इच्छितो.

एका घराच्या दु:खातून उभे राहिलेले काम

आता 'देवराई'कडे वळू. हा चित्रपट सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या दिग्दर्शकद्वयाचा. सुमित्राताई मूळच्या समाजकार्याच्या अध्यापिका. पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी शिकविले. माणसांचे जगणे समजावून घेण्याचे साधन म्हणून त्या १९८५च्या 'बाई'पासून चित्रपटाकडे वळल्या आणि २०२१ साली निधन होईपर्यंत त्या मार्गावरच राहिल्या.

या चित्रपटामागे आणखी एक व्यक्ती उभी होती : डॉ. जगन्नाथ वाणी. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात ते प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला हाच आजार होता. परदेशात उत्तम नोकरी असलेल्या माणसाला हे दु:ख चार भिंतींआड ठेवणे सोपे होते. त्यांनी ते उघड बोलून दाखविले, मायदेशी येऊन पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली आणि या आजाराविषयी मराठीत चित्रपट व्हावा म्हणून पुढाकार घेतला. या संस्थेचे धायरी येथे पुनर्वसनाचे काम आहे; तेथे रुग्णांना सांभाळणारे नातेवाईक एकत्र बसून आपले अनुभव एकमेकांना सांगतात. २०१७ साली डॉ. वाणी गेले. आपले दु:ख समाजाच्या कामी लावणे म्हणजे काय, हे त्यांनी भाषण न करता दाखवून दिले.

म्हणूनच 'देवराई'त चमत्कार नाही. शेषच्या बहिणीकडे बघा. ती भावाला आपल्या घरी आणते. तिलाही संसार आहे, नवरा आहे. घरात ताण येतो, ती थकते, चिडते, आणि तरीही उभी राहते. औषध, डॉक्टरांशी बोलणे आणि घरच्यांचा धीर हे सारे एकत्र चालते. सुधारणा होते ती इंचाइंचाने. ज्या घरात असा रुग्ण आहे त्या घराने हा चित्रपट पाहिला तर त्याला प्रथमच वाटते, 'हे आमचेच आहे, आणि यात लाज वाटण्यासारखे काही नाही.' चित्रपटाने एवढे केले तरी त्याचे काम झाले.

सांभाळणाऱ्यांच्या कथा

याच दिग्दर्शकद्वयाचा २०१३ सालचा 'अस्तु' पाहा. संस्कृतचे एक विद्वान शास्त्री स्मृतिभ्रंशाने स्वत:चे नावही विसरत चालले आहेत. रस्त्यात हत्ती दिसतो आणि लहान मुलासारखे ते त्याच्यामागे निघून जातात. शास्त्रीबुवांची भूमिका डॉ. मोहन आगाशे यांनी केली आहे. ते स्वत: मनोविकारतज्ज्ञ आहेत आणि असे चित्रपट दाखवून त्यानंतर प्रेक्षकांशी बोलण्याचा परिपाठ त्यांनी अनेक वर्षे ठेवला आहे. चित्रपटात त्या हरवलेल्या म्हाताऱ्याला आसरा देते माहुताची बायको. तिला आजाराचे नाव ठाऊक नाही, त्यांची भाषा तिला नीट कळत नाही, घरात दोन वेळची भ्रांत आहे. ती त्यांना भरविते, निजविते, लेकरासारखे सांभाळते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नाव ठाऊक नसतानाही सांभाळता येते, ही गोष्ट शिकलेल्या माणसाने त्या बाईकडून शिकावी.

'कासव' हा त्यांचा नैराश्यावरील चित्रपट. २०१७ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. आयुष्य संपवू पाहणारा एक तरुण एका बाईच्या आश्रयाला येतो. ती स्वत: त्या अंधारातून गेलेली आहे, म्हणून 'तुला कमी काय आहे?' असा प्रश्न ती विचारीत नाही. ती फक्त जेवणखाण, निवारा आणि अवकाश देते. बाजूला कोकणच्या किनाऱ्यावर कासवीण अंडी घालून निघून जाते आणि गावकरी ती राखत बसतात. राखण करणाऱ्याने घाई करून चालत नाही.

यापूर्वी, १९९१ साली, 'चौकट राजा' आला होता. वयाने वाढलेल्या पण मनाने बालकच राहिलेल्या नंदूला दिलीप प्रभावळकर यांनी अशा रीतीने उभे केले की हसायला आलेला प्रेक्षक गंभीर होऊन परतला. सुलभा देशपांडे यांनी साकारलेली त्याची आई आठवा. 'माझ्यामागे याचे कसे होणार?' ही चिंता अशा प्रत्येक आईची असते. तिला उत्तर एकटे घर देऊ शकत नाही. गावालाच ते द्यावे लागते.

चांगल्या चित्रपटांकडेही डोळसपणे पाहावे

मंडळी, चांगला चित्रपटही कधी नकळत चुकीचे शिकवून जातो. जॉन नॅश या गणितज्ञाच्या जीवनावरील 'अ ब्युटिफुल माइंड' हा २००१चा चित्रपट जगभर गाजला. त्यात नॅश यांना माणसे दिसतात. प्रत्यक्षात त्यांना आवाज ऐकू येत. चित्रपटात ते नवी औषधे घेत असल्याचे सांगतात. प्रत्यक्षात १९७०नंतर त्यांनी औषधे घेतली नव्हती. कोणी चित्रपट पाहून औषध सोडू नये, ही त्यामागची चिंता योग्यच होती. तात्पर्य एवढेच, की पडद्यावरची कथा हा वैद्यकीय सल्ला समजू नये.

'तारे जमीन पर' आपण सर्वांनी पाहिला आहे. घाटापलीकडच्या पाचगणीतच त्यातील शाळेची दृश्ये चित्रित झाली. २००७च्या त्या एका चित्रपटाने 'डिस्लेक्सिया' हा शब्द घराघरांत नेला. अक्षरे उलटीसुलटी दिसणारा मुलगा आळशी नसतो, हे पालकांना आणि शिक्षकांना कळले. हे उपकार मोठे आहेत. पण शेवटी तो मुलगा चित्रकलेच्या स्पर्धेत पहिला येतो. ज्याला चित्र काढता येत नाही त्या मुलाने काय करावे? १९८८च्या 'रेन मॅन'नंतर जगभर अशीच समजूत पसरली, की स्वमग्न मूल म्हणजे आकडेमोडीचे अलौकिक यंत्र. खरे तर अशी असामान्य शक्ती फार थोड्या स्वमग्न मुलांत असते. बाकीची मुले आपल्यासारखीच साधी असतात. मायेचा आणि मानाचा हक्क मिळविण्यासाठी मुलाने कोणते बक्षीस आणावे लागता कामा नये.

अलीकडे एक चांगला बदल झाला आहे. २०१४च्या मराठी 'येलो'मध्ये डाऊन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांनी स्वत:चीच भूमिका केली. २०२५च्या 'सितारे जमीन पर'मध्ये अशा दहा नव्या कलाकारांनी कामे केली. ज्यांच्याविषयी आजवर इतरच बोलत होते, ते आता स्वत: पडद्यावर उभे राहिले आहेत.

श्रद्धा आणि औषध

आता थोडे नाजूक विषयाकडे. घरात मुलगा एकटाच हसू लागला, रात्रभर जागू लागला की आपली पहिली धाव देवऋषीकडे असते. करणी झाली, बाहेरची बाधा झाली, असे निदान होते. त्या घराच्या व्याकुळतेची मी चेष्टा करणार नाही. पण आपली परंपरा खरोखर काय सांगते ते पाहू. चरकसंहितेत उन्माद आणि अपस्मार या रोगांवर स्वतंत्र अध्याय आहेत. त्यांत कारणे आहेत, लक्षणे आहेत, चिकित्सा आहे. त्याच ग्रंथात असेही प्रतिपादन आहे की माणसाच्या क्लेशाचा दोष त्याने देव, पितर वा राक्षसांवर टाकू नये. आजाराला देवाचा कोप म्हणणे म्हणजे देवालाच दोष देणे होय. देवळात दिवा लावावा, नवस बोलावा. आणि त्याच दिवशी भोरची गाडी धरून डॉक्टरांकडेही जावे. या दोहोंत कसलाही विरोध नाही.

दुसरी गोष्ट खास आपल्या तरुण कार्यकर्त्यांसाठी. मनोबलावर आपला विश्वास आहे. वरंधा घाट उतरला की शिवथरघळ. समर्थांच्या मनाच्या श्लोकांवर आपण वाढलो. निरोगी मनाला त्यांनी बळ येते. परंतु आजारी मनाला 'खंबीर हो, व्यायाम कर, सकाळी लवकर ऊठ' एवढेच सांगणे म्हणजे पाय मोडलेल्याला राजगड चढायला सांगण्यासारखे आहे. आधी हाड जुळू द्या. मग त्याला हात धरून चालवा.

उपचाराऐवजी बांधून ठेवण्याचा परिणाम काय होतो, हे देशाने पाहिले आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडी येथे धर्मस्थळाजवळच्या खासगी आसऱ्यात आग लागली आणि साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यांना पळताच आले नाही. त्यांना तेथे शत्रूंनी नेले नव्हते. बरे होण्याच्या आशेने घरच्यांनीच सोडले होते. आज मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास कायद्याने मनाई आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस गंभीर ताणाखाली होता असेच कायदा गृहीत धरतो. त्याला शिक्षेची नव्हे, उपचाराची गरज असते.

गावाने काय करावे?

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले. म्हणजे दर दहा माणसांमागे साधारण एक. त्यांतील बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. कामासाठी मुंबई-पुण्याला गेलेला मुलगा आजारी होऊन गावी परत येतो आणि दोन-चार वर्षे घरातच दडून राहतो. हीच वर्षे मोलाची असतात. उपचार जितके लवकर, तितका माणूस पुन्हा उभा राहण्याची शक्यता अधिक.

म्हणून काही साध्या गोष्टी सांगतो. पहिली, 'येडा', 'मेंटल' हे शब्द घरातून आणि चावडीवरून हद्दपार करावेत. दुसरी, बदल दिसताच शासकीय रुग्णालयात जावे. प्रवास शक्य नसेल तर १४४१६ या 'टेली-मानस' क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. ही सेवा २०२२पासून सुरू आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. तिसरी, बरे वाटले म्हणून गोळ्या मनाने बंद करू नयेत. चौथी, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार, स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. प्रमाणपत्र व त्यानुसारच्या सवलती मिळवून देण्यासाठी कार्यकर्त्यांनी त्या घरासोबत तालुक्याला जावे.

पाचवी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्मीळ. ज्या घरात असा रुग्ण आहे तेथील आई किंवा बहीण वर्षानुवर्षे कोणाच्या लग्नाला गेलेली नसते, यात्रेला गेलेली नसते. आपल्यापैकी एकाने महिन्यातून एक दिवस त्या रुग्णाजवळ बसावे आणि त्या माउलीला मोकळे करावे. त्या दिवशी तिने माहेरी जावे, देवळात जावे, नाहीतर नुसते झोपावे. सेवेचे याहून निर्मळ रूप मला ठाऊक नाही. त्यासाठी निधी लागत नाही, पावती लागत नाही.

चित्रपट दाखवून आम्ही निघून जाऊ. पडदा गुंडाळला जाईल. या खोऱ्यातील ज्या घरांत शेष आहेत, ती घरे येथेच राहणार आहेत. देवीच्या नावावर राई राखणाऱ्या गावाला राखण करणे शिकवायला बाहेरच्या माणसाची गरज नाही. तीच राखण आता आपल्यातल्या माणसांची करावी, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.